न बोलता लागणारी बोली



आमच्या महिला मंडळात सध्या एका गोष्टीवरून दोन तट पडले आहेत. होटगीतल्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी वाचायची पुस्तकं, दोन कपाटं आणि जमलं तर एखादा संगणक घ्यायचा आहे. पैसे कसे उभे करायचे, एवढाच प्रश्न. मोठ्या बायका म्हणतात, नेहमीसारखा सवाल करू. माईक हातात आला की अर्ध्या तासात रक्कम जमते. तरुण सुना म्हणतात, आरडाओरडा नको. शहरातल्या शाळांत हल्ली ‘सायलेंट ऑक्शन’ ठेवतात, तसं करू. त्यावर आमच्या एक काकू म्हणाल्या, "न बोलता बोली कशी लागायची गं?"

सगळ्या हसल्या, पण काकूंचा प्रश्न नेमका होता. बोली हा शब्दच बोलण्यातून आला. मग कागदावर मुकाट्यानं लिहिलेल्या आकड्याला बोली म्हणायचं का? आणि तो आकडा दान आहे की खरेदी? कॉमर्स शिकलेली असल्यामुळे मला दुसरा प्रश्न जास्त टोचला. म्हणून थोडं मागं जाऊन पाहिलं. आपल्या बाजारात, आपल्या मंदिरात आणि आपल्या शाळांच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच पडलेली आहेत.

मूक लिलाव चालतो कसा

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी पद्धत सांगते. अमेरिकेतल्या शाळांमध्ये पालक-शिक्षक संघ असे लिलाव नेहमी भरवतात आणि तिथूनच ही रीत इकडच्या मोठ्या शहरांतल्या शाळांत आली. एका हॉलमध्ये टेबलं मांडतात. प्रत्येक टेबलावर एक वस्तू आणि तिच्यापुढे एक कागद. कागदावर वरती वस्तूचं नाव, ती कोणी दिली ते, कितीपासून सुरुवात आणि कमीत कमी किती वाढ करायची ते लिहिलेलं. समजा, ५०० पासून सुरुवात आणि ५० ची वाढ. ज्याला हवी त्यानं आपला क्रमांक आणि आकडा लिहायचा, पुढच्यानं त्याच्याखाली लिहायचं. ठरलेल्या वेळी घंटा होते, कागद उचलले जातात आणि शेवटच्या ओळीतला आकडा ज्याचा, वस्तू त्याची. मध्ये कोणी ओरडत नाही. लोक चहा पितात, गप्पा मारतात आणि हळूच फिरून येऊन आपल्या आकड्यावर कोणी चढलं का ते पाहतात.

टेबलावरच्या वस्तू तीन प्रकारच्या असतात. पहिल्या, दुकानात मिळणाऱ्या: साडी, चादर, मिठाईचा डबा, हॉटेलचं कूपन. दुसऱ्या, कोणाच्या तरी हाताच्या किंवा वेळेच्या: महिनाभर गणिताची शिकवणी, घरी येऊन मेंदी, शंभर पुरणपोळ्या करून देणं. तिसऱ्या म्हणजे ज्यांना बाजारात भावच नाही: अख्ख्या वर्गानं मिळून काढलेलं चित्र, स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या, मुलाला एक दिवस मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसायचा मान.

पहिल्या प्रकारच्या वस्तूला भावाची कमाल ठरलेली असते. सोलापुरी चादरीची दुकानातली किंमत सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे आकडा तिच्या आसपास येऊन थांबतो. दान म्हणून थोडा वर गेला तर गेला. तिसऱ्या प्रकाराला अशी वेस नसते. नातवाच्या वर्गाच्या चित्रासाठी दोन आज्या समोरासमोर आल्या तर कागदाची दुसरी बाजू लागते. वस्तू देणाऱ्यानं फुकट दिलेली असते, म्हणून येणारा सगळा पैसा शाळेचा. कागद, पेन आणि चहा सोडला तर खर्च काही नाही.

लिलाव, हर्रास, सवाल

आता आपल्या शब्दांकडे येऊ. ‘लिलाव’ आपण मराठी समजतो, पण तो पोर्तुगीजांच्या ‘लेलाँव’ या शब्दावरून आला. आपला जुना ‘हर्रास’ अरबीकडून आलेला. होटगी स्टेशनवरून विजापूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की घटकाभरात कानडी मुलूख लागतो. तिकडे लिलावाला ‘हराजु’ म्हणतात, तो याच हर्रासचा भाऊ. आणि आपल्या दक्षिणेकडच्या दिगंबर समाजात मंदिरातल्या बोलीला ‘सवाल’ म्हणतात. कोण घेणार, किती देणार, असा समाजाला उघड विचारलेला प्रश्न.

म्हणजे बाजारासाठी एक शब्द आणि मंदिरासाठी दुसरा. आपल्या पूर्वजांनी हा फरक उगीच ठेवला नसणार. लिलावात वस्तूचा भाव ठरतो. सवालात माणसाला विचारणा होते.

रुमालाखालचा भाव

मुकाट्यानं भाव ठरवणं आपल्याकडे नवीन नाही, आणि ही गोष्ट आमच्या सुनांना मी आवर्जून सांगितली. ज्यांच्या माहेरी-सासरी अडतीचा धंदा होता त्यांना ‘हत्ता’ आठवत असेल. व्यापारी आणि अडत्या एकमेकांचा हात हातात घेत, वरून रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकत आणि बोटं दाबून भाव सांगत. किती बोटं धरली त्यावर आकडा. शेकडा की हजार एवढंच तोंडानं, तेही ठरलेल्या खुणेच्या शब्दानं. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा असे. त्याला दोन हात आणि एक रुमाल, एवढंच दिसे. जनावरांच्या बाजारातही हीच तऱ्हा. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात घरातली कोणी गेली असेल तर तिनं हे पाहिलं असेल.

या पद्धतीत आवाज नव्हता, शोभा नव्हती, पण न्यायही नव्हता. कोणत्या व्यापाऱ्यानं किती सांगितलं हे मालाच्या धन्याला कळत नसे. सगळ्यात वरचा भाव त्याच्यापर्यंत पोचला की मधेच जिरला, याला पुरावा नसे. १९२८ साली आलेल्या शेतकी रॉयल कमिशनच्या अहवालात बाजारातल्या अशा गैरचालींवर लिहिलं गेलं. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये आणि पुढे महाराष्ट्र राज्यात १९६३ मध्ये बाजार समित्यांचे कायदे झाले आणि उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. आज सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा भाव मोठ्यानं पुकारला जातो आणि ऐकायला शेतकरी उभा असतो. तो गोंगाट म्हणजे त्याचं संरक्षण आहे.

तेव्हा मौन म्हणजे आपोआप सात्त्विक, असं समजायचं कारण नाही. शाळेतल्या मूक लिलावाची गंमत अशी की तोंड बंद असलं तरी कागद उघडा असतो. प्रत्येक आकडा सगळ्यांना दिसतो. रुमाल नाही. लिफाफ्यात घालून दिलेल्या टेंडरसारखंही नाही, कारण तिथे दुसऱ्यानं काय लिहिलं याचा अंदाजच बांधावा लागतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये बंद लिफाफ्यांच्या लिलावावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. लिफाफा सगळ्यात मोठ्या आकड्याचाच जिंकावा, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याइतके घ्यावेत, मग कोणाला खोटं लिहायचं कारण उरत नाही, असा त्याचा विचार होता. १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. एवढ्या मोठ्या माणसालाही शेवटी हाच प्रश्न सोडवावा लागला, की माणसानं आपल्या मनातला खरा आकडा सांगावा कसा.

मंदिरातली बोली

मंदिरात आपण खरा आकडा मोठ्यानं सांगतो. श्वेतांबर संघांत पर्युषणात भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी त्रिशलामातेच्या १४ स्वप्नांची बोली लागते. ती बोली पुष्कळ ठिकाणी रुपयांत नसून तुपाच्या मणांत असते. इतके मण तूप, असं बोलायचं आणि मणाचा दर संघानं ठरवलेला. दिव्याला तूप द्यायची जुनी भावना त्यात राहिली आहे. आपल्या दिगंबर परंपरेत स्वप्नं १६. आणि पंचकल्याणकाचे सवाल तर तुम्ही सगळ्यांनी ऐकले आहेत: सौधर्म इंद्र-इंद्राणी, कुबेर, भगवंतांचे माता-पिता. इथे घेणाऱ्याच्या हाती वस्तू काहीच येत नाही. डोक्यावर मुकुट चढतो, तोही कागदी पुठ्ठ्याचा किंवा भाड्याचा. तरी लोक लाखांनी बोलतात. श्रवणबेळगोळला २०१८ च्या महामस्तकाभिषेकात पहिल्या कलशासाठी ११ कोटी ६१ लाख रुपये दिले गेले आणि ती रक्कम रुग्णालयासाठी लावायचं जाहीर झालं.

शाळेतल्या तिसऱ्या प्रकारच्या वस्तू मला इथे आठवतात. पहिल्या रांगेतली खुर्ची आणि पहिला कलश, दोन्हीकडे विकला जातो तो मान. मान घेणं वाईट नाही. पुढे बसून आपल्या लेकराला बघावं, भगवंताच्या मस्तकावर पहिली धार आपल्या हातानं पडावी, असं कोणाला वाटणार नाही? पण चार कषायांत मान हाही एक आहे, हे आपण रोज म्हणतो. माईकवरून नाव पुकारलं जातं, टाळ्या पडतात, तेव्हा आकड्यातला किती भाग भावाचा आणि किती मानाचा, हे बोलणाऱ्याचं त्यालाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट माईक करतो, ती बायकांच्या लक्षात जास्त येते. ज्यांच्याकडे नाही, त्यांना तो गप्प बसवतो. सवाल ११ हजारांवर सुरू झाला की मागच्या सतरंजीवर बसलेली बाई पदर सावरून बसून राहते. तिच्याकडे ३०० रुपये द्यायचे असतात, पण ३०० रुपये माईकवर सांगता येत नाहीत. तिचं दान राहून जातं आणि तिला वाटतं की आपण या समाजात नुसत्या बघायला आहोत.

बोलीच्या पैशाचा दुसरा प्रश्न खात्याचा. स्वप्नांच्या बोलीचा पैसा श्वेतांबर संघ देवद्रव्य मानतात आणि देवद्रव्य मंदिर-मूर्तीखेरीज दुसरीकडे लावत नाहीत. सुमारे १९२० मध्ये आचार्य विजयधर्मसूरींनी असा विचार मांडला, की बोली ही संघानं सुरू केलेली रूढी आहे, तेव्हा तिचं उत्पन्न कोणत्या खात्यात न्यायचं हेही संघ ठरवू शकेल. त्यावर मोठं वादळ उठलं आणि वाद पुष्कळ वर्षं चालला. त्या वादात आपण पडायला नको. त्यातून घ्यायचं ते एवढंच, की पैसा कशासाठी मागतो आहोत ते मागण्याआधी ठरलेलं आणि सांगितलेलं असावं. शाळेसाठी मागितला तर शाळेच्याच वहीत जावा.

गांधीजी लिलाव पुकारतात

शाळा आणि समाजकार्य यांसाठी लिलावाचा सगळ्यात मोठा कारागीर कोण, असं मला कोणी विचारलं तर मी गांधीजींचं नाव घेईन. ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्याहून त्यांनी हरिजन दौरा सुरू केला आणि पुढचे नऊ महिने देशभर फिरले. गावोगावी लोक त्यांना मानपत्रं देत, कधी चांदीच्या करंडकात घालून. गांधीजी सभेतच ते मानपत्र आणि करंडक लिलावाला काढत. अंगठ्या, बांगड्या, हातानं कातलेलं सूत, जे मिळेल ते. स्वतःच्या सहीलाही त्यांनी पाच रुपये दर लावला होता. सगळा पैसा अस्पृश्यता निवारणाच्या फंडाला.

जानेवारी १९३४ मध्ये ते मलबारातल्या बडगरा गावी होते. आजचं केरळातलं वडकरा. भाषणात त्यांनी बायकांकडे दागिने मागितले होते. भाषण संपवून ते भेटी लिलावात विकत होते, तेवढ्यात सोळा वर्षांची कौमुदी नावाची मुलगी व्यासपीठावर आली. तिनं एक बांगडी काढून दिली आणि सही मागितली. ते सही करणार, तोवर दुसरी बांगडी उतरली. एकाच बांगडीवर सही मिळेल, असं ते म्हणाले, तर तिनं गळ्यातला सोन्याचा हार काढला. मग कानातलं. आईवडिलांना विचारलं आहेस का, असं त्यांनी विचारलं. तेव्हा कळलं की वडील सभेतच आहेत आणि लिलावातल्या मानपत्रांवर बोली लावून गांधीजींना मदत करत आहेत! पुन्हा नवे दागिने करायला लावणार नाही, असं गांधीजींनी तिच्याकडून कबूल करून घेतलं. पुढे ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी तिच्या त्यागावर लेख लिहिला.

या प्रसंगातलं बापलेकीचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वडील खाली बसून मोठ्यानं बोली लावत होते आणि लेक वर जाऊन न बोलता सोनं काढून देत होती. दोघंही देतच होते. वडिलांनी बोली चढवली नसती तर करंडक चांदीच्या भावात गेला असता, म्हणून त्यांचं देणं कमी नाही. पण बोलीत एक उरतंच: बदल्यात काहीतरी मिळतं. मुलीला मिळाली एक सही, आणि ती तर पहिल्या बांगडीतच मिळत होती. पुढचं सगळं सहीच्या पलीकडचं.

आपल्या घरातली नावं

दागिन्यांचा विषय निघाला म्हणजे लक्ष्मीबाई पाटलांना विसरून चालणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील जन्मानं जैन, कुंभोजचे, हे आपण अभिमानानं सांगतो. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव देण्याचा समारंभ १९२७ मध्ये गांधीजींच्याच हस्ते झाला. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, आणि त्या पंगतीसाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. शेवटी मंगळसूत्रही. कोणी पुकारलं नाही, कोणी आकडा वाढवला नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष त्यांनी पाहिला तो रोपट्याएवढाच.

भाऊरावांनी निधीसाठी आणखी एक युक्ती वापरली, मुष्टिफंडाची. घरातल्या बाईनं दळणाला किंवा शिजवायला धान्य घेताना एक मूठ बाजूला काढायची आणि ती बोर्डिंगातल्या मुलांसाठी द्यायची. लिलावाच्या अगदी उलट प्रकार. लिलावात एक जिंकतो आणि बाकीचे बघतात. मुष्टिफंडात सगळ्या देतात आणि जिंकत कोणीच नाही. गरिबाची मूठ आणि सावकाराची मूठ मापानं सारखीच.

सोलापूर जिल्ह्यानंही शाळांसाठी पुष्कळ दिलं आहे. करमाळ्याचे देवचंद शहा, जे पुढे समंतभद्र महाराज झाले, त्यांनी १९१८ मध्ये कारंज्याला आणि १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबलीला गुरुकुलं उभी केली. सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविका संस्थेतून किती परित्यक्ता, विधवा आणि गरीब घरच्या मुलींना शिकवून पायावर उभं केलं, हे आपल्या आया-मावश्यांना विचारा. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशींनी आपली मिळकत ग्रंथांसाठी देऊन टाकली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेतली पुस्तकं आज जगभरच्या विद्यापीठांत आहेत. आणि शेजारधर्म म्हणून सांगते, आमच्या होटगीचं नाव सोलापुरात सगळ्यांच्या तोंडी आहे ते बृहन्मठामुळे, आणि त्या वीरशैव मठानंही शाळा-कॉलेजांचा मोठा पसारा उभा केला आहे. विद्यादान ही एका धर्माची मक्तेदारी नाही.

होटगीवरून हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या रोज धडधडत जातात. त्या टोकाला बालापूर गावी गणपतीच्या हातातल्या लाडवाचा लिलाव होतो. १९९४ मध्ये तो ४५० रुपयांना गेला होता, २०२४ मध्ये ३० लाख १ हजारांना. तो पैसा गावाच्या कामांना लागतो. लाडू तोच, कढई तीच. वाढला तो माणसांनी त्यात घातलेला अर्थ.

चार कसोट्या

आता मूळ प्रश्न: दान की खरेदी? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी दानाचा विचार आला आहे. दुसऱ्याच्या आणि आपल्या हितासाठी आपलं ते सोडून देणं म्हणजे दान, आणि त्याची प्रत ठरते चार गोष्टींवरून: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. मूक लिलावाला याच चार कसोट्या लावून पाहू.

विधी म्हणजे रीत. इथे कागद उघडा ठेवायचा, पण नावाऐवजी क्रमांक लिहायचे. आकडा सगळ्यांना दिसेल, माणूस दिसणार नाही. हत्त्याचा अंधार नको आणि माईकचा मानही नको. वाढीची पायरी लहान ठेवायची, १० किंवा २० रुपयांची, म्हणजे मागच्या सतरंजीवरची बाईही पेन उचलेल.

द्रव्य. टेबलावर काय ठेवायचं? बाजारातल्या वस्तू कमी, हाताच्या आणि मनाच्या वस्तू जास्त. मी म्हटलं, शेंगाचटणीच्या बरण्या ठेवा, ज्वारीच्या कडक भाकरी ठेवा, कोणाच्या आजीची गोधडी ठेवा. दहावीच्या मुलीला रोज तासभर हिशोब शिकवणं मी माझ्याकडून लिहून दिलं आहे. मुलांनी काढलेली चित्रं ठेवा. आणि एक टेबल बिनबोलीचं: त्यावर नुसता डबा, मुष्टिफंडाचा. ज्याला लिहायचं नाही त्यानं त्यात टाकावं, कोणी बघणार नाही.

दाता. ज्याला वस्तू मिळाली तो पूर्ण दानी नव्हे, हे हिशोबानंही खरं आहे. अमेरिकेत अशा लिलावात वस्तूच्या बाजारभावाच्या वर जेवढी रक्कम गेली, तेवढीच करखातं देणगी धरतं. आपणही मनाशी तसंच धरावं. ६०० ची चादर ९०० ला घेतली तर दान ३०० चं. आणि ज्या बाईनं ती चादर फुकट दिली, तिचं दान ६०० चं. तिचं नाव मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून वहीत ते आधी लिहायचं. आपल्याकडे ज्यांना ८०जीची पावती हवी असते, त्यांनी लक्षात ठेवावं की पावती मिळते ती देणगीची, खरेदीची नाही, तीही नोंदणी असलेल्या संस्थेकडूनच, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही.

पात्र. म्हणजे शाळेतली मुलं. ती आपल्या समाजाची असतील, नसतील; लक्ष्मीबाईंच्या पंगतीत कोणी विचारलं नव्हतं. कसोटी एवढीच, की पैसा त्यांच्यापर्यंत पोचावा. बोलून न भरलेल्या रकमांचे कागद कितीतरी मंदिरांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून असतात. ज्यांनी हिशोब लिहिले आहेत त्यांना ठाऊक आहे. बोललेलं दान हे आपल्यावरचं ऋण असतं. मूक लिलावात वस्तू हातात देतानाच पैसे घ्यायचे, आणि आठ दिवसांत जमाखर्च शाळेच्या फळ्याशेजारी लावायचा: किती आले, कशाला गेले, पुस्तकं किती.

सवाल बंद करा, असं मी म्हणत नाही. मंदिरात तो आपल्या परंपरेचा भाग आहे आणि त्या आवाजानंच किती मंदिरं उभी राहिली. पण शाळेची गोष्ट वेगळी. तिथे ज्यांच्यासाठी पैसा जमतो ती मुलं स्वतः हॉलमध्ये असतात. कोणाच्या आईनं किती दिले, हे त्यांनी माईकवरून ऐकावं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एकमेकांना सांगावं, हे मला बरं वाटत नाही. शाळेत मुलं सारखी असावीत, म्हणून तर गणवेश असतो.

काकूंना मी इतकंच सांगितलं, की काकू, बोली लागेल. फक्त या वेळी ती हात बोलेल. काकू म्हणाल्या, "मग माझं लिहून ठेव, पाच किलो शेंगाचटणी. आणि कागदावर नाव घालू नकोस, नुसतं ‘एक श्राविका’ लिही." यादीत ती पहिली ओळ आहे. दुसऱ्या ओळीपासून जागा रिकामी आहे. आपल्याकडे काय आहे ते प्रत्येकीनं या पंधरवड्यात कळवावं.

जय जिनेंद्र.